माळ्यावर सापडलेला व्हिडिओ गेम आणि जून १९९७ चा एक कागद

उद्यमनगरी
रविवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर रंगवायला काढलंय. काल माळा रिकामा करताना पितळेच्या घागरींच्या मागं सतरंजीचं एक गाठोडं सापडलं. सोडलं तर आत आमचा व्हिडिओ गेम! लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, केशरी बंदूक आणि बुटाच्या खोक्यात अकरा कॅसेटी. मी तिथंच मांडी घालून बसलो. खालून आईनं दोनदा हाक मारली तरी ओ दिली नाही.

(कार्ट्रिज, कंट्रोलर हे शब्द आम्हाला फार नंतर कळले. आमच्या गल्लीत कॅसेट आणि रिमोटच म्हणायचे, म्हणून इथंही तेच लिहितो.)

१९९६ च्या दिवाळीत आप्पांना बोनस मिळाला, त्यातून हा घरी आला. आप्पा उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली. डबा घरी आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा मागचे स्क्रू काढून आत बघितलं, "एवढंच व्हय?" म्हणाले आणि परत बसवून आमच्या ताब्यात दिला. त्यानंतर त्यांनी त्याला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. लाईट बिल आलं की मात्र आधी त्याच्याकडं बघायचे.

टीव्ही एकच. सातच्या बातम्या आप्पांच्या, नंतरच्या मालिका सगळ्यांच्या. आमच्या वाट्याला सुट्ट्या आणि रविवारची दुपार. जेवणं झाली की गल्लीतली सात-आठ पोरं यायची, दारात चपलांचा ढीग पडायचा. चॅनेल जुळवायचं काम दादाचं. तो टीव्हीजवळ उकिडवा बसून बारकी खुंटी फिरवायचा आणि आम्ही मागून ओरडायचो, "मुंग्या... मुंग्या... आलं आलं... गेलं! माघारी फिरव!" चित्र आलं पण आवाज खरखरला, आवाज आला पण रंग गेला, असं करत करत एकदाचं सगळं एका जागी यायचं. मग त्या खुंटीला कुणी हात लावायचा नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या एकाही कॅसेटीत स्कोअर साठवायची सोय नव्हती. बटण बंद केलं की सगळं पुसलं. कुणी किती केले यावर रोज भांडणं. शेवटी ताईनं पतसंस्थेच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला जूनचे स्कोअर लिहायला सुरुवात केली. तो कागद घडी घालून बुटाच्या खोक्यात तसाच आहे. गेम आहे सर्कसचा. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायच्या, मग दोरीवरची माकडं, मग चेंडू, घोडा आणि शेवटी झोके.

कागदावर चार रकाने. 'दादा', 'ताई', 'मी' आणि चौथ्याला नाव नाही, वर नुसतं एक टिंब. आमचे आकडे पेन्सिलीतले, ते मात्र निळ्या पेनातले. १७ तारखेला ९,२००. १९ ला ११,८००. २० ला १४,१००. २४ ला २३,४००. २५ ला ३१,७००. आणि २७ ला ५२,३००! आमच्यात दादा सगळ्यात पुढं, तो ३८,६०० वर. दादाला विचारलं तर म्हणतो ताईचा असेल. ताई म्हणते, मी पेननं कशाला लिहीन. गल्लीतल्या कुणाचा म्हणावं, तर बाहेरच्या पोरांचे स्कोअर आम्ही लिहीतच नव्हतो.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हा डबा आताच्या एलईडी टीव्हीवर कसा चालवायचा? अडॅप्टर जोडला तर दिवाही लागत नाही. आणि दुसरी, तुमच्या आठवणी लिहा. मला आत्ता दुसरं काहीच सुचत नाहीये.

---

पेठकर
रविवार, दुपारी १२.०२

नाद खुळा धागा भावा!

शिवाजी पेठेत आमच्याकडं डबा नव्हता. मित्राकडं होता आणि त्याच्या घरचा नियम एकच, "मेला की रिमोट दे." त्यामुळं आम्ही मरायचंच नाही ठरवलं. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचा कोड सगळ्यात आधी मला मिळाला. आत्येभाऊ मिरजेहून सुट्टीला आलता, त्यानं वहीच्या मागच्या पानावर बाण काढून दिले. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. तीन लाईफच्या जागी तीस! ते पान मी कंपासपेटीत घेऊन फिरत होतो. दाखवायचं म्हटलं की समोरच्यानं एक पेरू द्यायचा.

हा कोड कॉन्ट्रासाठी केलाच नव्हता, हे मला गेल्या काही वर्षांत कळलं. कोनामी या गेम काढणाऱ्या जपानी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ होते. १९८६ साली ग्रॅडियस हा गेम घरच्या मशीनवर आणायचं काम त्यांच्याकडं होतं. तपासायला म्हणून खेळायचा तर तो त्यांनाच इतका अवघड जायला लागला, की स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी हा कोड आत घातला आणि तो तसाच राहिला. कॉन्ट्रात आला १९८८ ला. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात बसून टेबलावर बोटानं वर वर खाली खाली केलं. खरंच केलं.

आणि धबधब्याची लेव्हल आठवते का कुणाला? एकजण घाईनं वर चढला की पडदा वर सरकायचा आणि खालचा बिचारा जागच्या जागी मरायचा. त्यावरून आमच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं.

---

आठवी_गल्ली
रविवार, दुपारी १.३५

वाचनखूण साठवली. सुंदर लिहिलंय.

राजारामपुरीत आमच्याकडंही होता. भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मारिओत दोन जणांचा खेळ लावला तरी पहिला मरेपर्यंत दुसऱ्याची पाळी येत नाही, आणि माझा भाऊ मरत नव्हता. मी लुईजी, म्हणजे दुसरा गडी. अर्धी सुट्टी मी रिमोट हातात धरून नुसती बघत बसले असेन. पण बघून बघून मला सगळं पाठ झालं. कुठली वीट फोडली की नाणी येतात, दुसऱ्या लेव्हलला छतावरून चालत गेलं की पुढच्या जगांचे पाईप कुठं लागतात, सगळं. तो अडला की मी सांगायचे, "थांब, वर उडी मार, तिथं लपलेलं आहे." तो मारायचा आणि निघायचं. त्याच्या नजरेतला तो एक क्षण मला अजून आठवतो.

बदकांच्या गेमचं तर मला सोनंच सापडलं. बंदूक भावाकडं असायची, दुसरा रिमोट नुसता लोळत असायचा. एकदा सहज हातात घेऊन बटणं दाबली तर बदक वळलं! एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटनं बदक उडवता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भावाला एक बदक मारू दिलं नाही. गवतातून तो कुत्रा वर येऊन हसला की मी पण हसायचे. भावाला वाटलं बंदूकच बिघडली. रात्री जेवताना खरं सांगितलं, तर तो रागावला नाही. म्हणाला, "आता उद्या मी बदक होतो."

---

सर्किटवाला
रविवार, दुपारी ३.२०

@उद्यमनगरी, घाई करू नका आणि बाजारातून कुठलाही अडॅप्टर आणून लावू नका. डब्याच्या बुडाशी व्होल्टेज लिहिलेलं असेल, बहुतेक ९. त्याच्या शेजारी एक बारकं चिन्ह असतं, पिनच्या आत प्लस की मायनस ते सांगणारं. ते आधी बघा. पिन आत बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं होत नाही. आतला रेग्युलेटर त्या नवाचे पाच व्होल्ट करून चिपांना देतो, उलटा प्रवाह गेला तर पहिला मार त्यालाच. जुना अडॅप्टर मीटरवर तपासा. दिवा लागत नाही म्हणजे तोच मेलेला असण्याची शक्यता जास्त.

निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. आपल्याकडं घरोघरी होते ते बहुतेक सगळे त्याच्या नकला. म्हणूनच लाल-पांढरा रंग आणि म्हणूनच साठ पिनांची कॅसेट. कॅसेट उघडून बघितलीत तर आत बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब दिसेल. त्या थेंबाखाली अख्खा गेम. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत खरे गेम मोजकेच असायचे, तेच परत परत वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले.

आता फुंकर. आपण सगळ्यांनी मारली. पण उपयोग व्हायचा तो कॅसेट काढून परत बसवण्याचा. पिना घासल्या जायच्या, जागा बदलायच्या, म्हणून चालायचं. तोंडातल्या ओलाव्यानं पट्ट्या उलट काळ्या पडतात. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मग घाला. पहिल्या दोन पुसण्यांत कापूस काळाकुट्ट निघेल, घाबरू नका.

टीव्हीला पिवळी आणि पांढरी पिन लागत असेल तर चित्र एलईडीवरही येईल. बंदूक मात्र चालणार नाही. त्याचं कारण मला फार आवडतं. बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. तुम्ही चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता पूर्ण काळा होतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. काळ्यानंतर ठरलेल्या क्षणी त्या डोळ्याला पांढरं दिसलं, तर बदक पडलं. आपल्याला ते नुसतं लुकलुकल्यासारखं वाटायचं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या भरवशावर रचलेलं होतं, कारण तिथं चित्र आलं की त्याच क्षणी पडद्यावर ओढलं जातं. एलईडी टीव्ही चित्र आधी आत घेतो, नीटनेटकं करतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते.

बंदूक चालवायची असेल तर जुना टीव्ही शोधा. लक्ष्मीपुरीत जुने टीव्ही दुरुस्त करणारे अजून आहेत, चौकशी करा.

---

गंगावेस
रविवार, सायंकाळी ६.४८

आमच्या नशिबी घरचा डबा नव्हता. आमचं विश्व म्हणजे महाद्वार रोडच्या आतल्या बोळातलं गेमचं दुकान. पुढं पडदा, आत अंधार, चार मशिनी, उदबत्तीचा वास. रुपयाला एक गेम.

आणि गेम म्हणजे मुस्तफा! त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमनं १९९३ साली काढलेला. पण त्या नावानं त्याला कोल्हापुरात कुणी ओळखलं असतं असं मला वाटत नाही. चार गडी होते, जॅक, हॅना, मुस्तफा आणि धिप्पाड मेस. मुस्तफा धावत येऊन हवेत लाथ घालायचा, तेवढ्यावर अख्ख्या गेमला त्याचं नाव पडलं. तिघांना एका वेळी खेळता यायचं, म्हणून आम्ही तिघं मिळून तीन रुपये गोळा करायचो आणि शाळेतून येताना कट वडा सोडायचो.

उद्यमनगर वाचून एक गोष्ट आठवली, ती सांगतो. मुस्तफा खेळताना पोरं जॉयस्टिक अशी पिळायची की महिन्या-दोन महिन्याला तिची सळई तुटायची. दुकानदार नवीन मागवत बसायचे नाहीत. तुटलेला तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडं द्यायचे. मी सायकलीवर उद्यमनगरात एका टर्नरकाकांकडं जायचो. ते तुकडा तळहातावर घेऊन दोनदा फिरवायचे, व्हर्नियर लावून माप घ्यायचे आणि एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या रॉडमधून तसाच दुसरा काढून द्यायचे. वर गोट्यासाठी आटे, मध्ये फुगीर भाग, खाली सर्क्लिपची, म्हणजे अडकवायच्या कडीची खाच. मी लेथच्या बाजूला उभा राहून बघायचो. पत्र्यावर पडणारी ती निळसर वळणदार कीस मी खिशात भरून आणायचो. एकदा काकांनी विचारलं, "हे कशाचं रं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग जरा जाड ठेवतो." ती सळई त्यानंतर कधी तुटली नाही. मला आणून दिल्याबद्दल दोन गेम फुकट मिळायचे.

---

उद्यमनगरी
रविवार, रात्री ९.१५

@गंगावेस, हे वाचून मी उठून आप्पांची अवजारांची डबी काढली. तिच्यात वीतभर लांबीच्या दोन सळया आहेत. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला खाच, मध्ये फुगीर. इतकी वर्षं आम्हाला त्या कशाच्या ते माहीत नव्हतं. फोटो टाकतोय.

---

गंगावेस
रविवार, रात्री ९.३१

फोटो मोठा करून बघितला. खाच तशीच आहे. तुमचे आप्पाच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, उद्यमनगरात तेव्हा किती लेथ होते. पण त्या काकांच्या डाव्या भुवईवर बारकी खूण होती.

---

उद्यमनगरी
रविवार, रात्री ९.३४

होती. ठिणगी उडाली होती.

---

पेठकर
रविवार, रात्री ९.४०

अंगावर काटा आला मर्दा.

---

जोतिबा_रोड
सोमवार, सकाळी ८.२५

सगळ्यांच्या आठवणी वाचल्या, डोळे भरून आले. तरी एक वेगळं मत मांडतो.

मागच्या महिन्यात मुलाला दाखवायला म्हणून मोबाइलवर हेच गेम घातले. रोड फायटर, टँक, सर्कस. त्याला दहा मिनिटांत कंटाळा आला आणि खरं सांगायचं तर मलाही आला. चुकलं की पहिल्यापासून. मधे सोडून जेवायला उठायची सोय नाही. लाईट गेली की दोन तासांची मेहनत पाण्यात. आजचे गेम याबाबतीत कितीतरी बरे आहेत, मुलाच्या वेळेची कदर करतात. आपण त्या गेमवर प्रेम करतो की त्या वयावर, असा प्रश्न मला पडला.

---

इचलकरंजीकर
सोमवार, सकाळी १०.५०

@जोतिबा_रोड, तुमचं म्हणणं एका बाजूनं पटतं. पण त्या गेममध्ये काही नव्हतं असं मात्र म्हणू नका. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मारिओची पहिली लेव्हल मला अजून शिकवते.

१९८५ चा गेम. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आपल्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं फुलांचं एक चित्र याहून जड असतं. तेवढ्यात आठ जगं, बत्तीस लेव्हल, सगळं संगीत. जागा वाचवायला काय काय केलंय बघा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. मला हे कळलं तेव्हा मी मोबाइलवर परत लावून बघितलं. तीसेक वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

सुरुवातीला काहीही लिहिलेलं नाही, कसं खेळायचं ते. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडं मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडं जातो. समोरून ते तपकिरी भूत येतं, पहिल्यांदा सगळेच मरतात. दुसऱ्यांदा उडी मारतो. हा गेम करणाऱ्या मियामोतोंनी शिकवणी कुठंही न लावता सगळं शिकवलंय. माझी आजी निरक्षर होती, तिलाही पाच मिनिटांत कळलं होतं.

आणि कंटाळ्याचं म्हणाल, तर मोबाइलवर एकट्यानं खेळलं म्हणून आला. टँक एकट्यानं खेळायचा गेमच नाही. आपल्या गरुडाभोवतीच्या विटा कुणी सांभाळायच्या, पुढं कोण जाणार, हे आधी ठरवावं लागतं. जोडीदाराला चुकून गोळी लागली की तो थोडा वेळ जागेवर थिजतो, आणि आपलीच गोळी गरुडाला लागली की खेळ खल्लास. मुलाच्या शेजारी बसा, दुसरा रिमोट हातात घ्या आणि मग बघा.

---

जोतिबा_रोड
सोमवार, दुपारी १२.१०

शेजारी बसलो नव्हतो, हे खरं आहे. मोबाइल त्याच्या हातात दिला आणि मी वरून बघत होतो. करून बघतो.

---

कुंभार_गल्ली
सोमवार, दुपारी २.४०

शाहूपुरीत आमचं घर नदीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही माणसं, कागदपत्रं आणि गॅसची टाकी बाहेर काढली. गेमचं खोकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं. पाणी ओसरल्यावर कॅसेटींत गाळ भरलेला. एकेक धुऊन गच्चीवर उन्हात मांडली, चौदा होत्या. एकही चालली नाही. तरी टाकवल्या नाहीत, बरणीत भरून ठेवल्यात.

@सर्किटवाला, अल्कोहोलनं काही होईल का त्यांचं?

---

सर्किटवाला
सोमवार, दुपारी ३.०५

होऊ शकतं. कवच उघडून आतली पट्टी वेगळी काढा, मऊ ब्रशनं गाळ काढा, मग अल्कोहोल. काळ्या थेंबाच्या आत पाणी शिरलं नसेल आणि पितळी पट्ट्या खाऊन गेल्या नसतील तर काही नक्की वाचतील. माझ्याकडं चालू डबा आहे, आणून द्या, एकेक लावून बघू. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

हुपरी_ते_हिंजवडी
सोमवार, सायंकाळी ५.५५

आम्ही जरा नंतरचे. आमच्या वेळेला सायबर कॅफे. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाजूला तासाला वीस रुपये. व्हाइस सिटी, काउंटर स्ट्राइक, आणि कॉलेज सुटल्यावर पाच-पाच जणांत एज ऑफ एम्पायर्स. प्रिन्स ऑफ पर्शिया मात्र शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सरांची पाठ फिरली की. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं आणि तास पस्तीस मिनिटांचा. मी कधीच पोचलो नाही. पण तो धावताना, कडा धरून लोंबकळताना इतका खरा का वाटतो, ते नंतर वाचलं. जॉर्डन मेकनरनी आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. १९८९ साली!

---

आठवी_गल्ली
सोमवार, रात्री १०.२०

@उद्यमनगरी, तुमच्या त्या टिंबाच्या रकान्यानं मला काल झोप लागू दिली नाही. म्हणून जून १९९७ चं कॅलेंडर काढून बघितलं. १ जून रविवार होता. म्हणजे रविवार येतात १, ८, १५, २२, २९. आता तुमच्या तारखा बघा. १७, १९, २०, २४, २५, २७. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. एकही रविवार नाही, शनिवारसुद्धा नाही. तुमच्या तिघांचे स्कोअर कुठल्या वारांचे आहेत?

आणि पहिली तारीख १७. शाळा कधी सुरू झाली होती तुमची?

---

उद्यमनगरी
सोमवार, रात्री १०.४१

आमचे १, ८, १५, २२, २९. शिवाय सुट्टीतल्या पहिल्या आठवड्याचे. १६ ला सोमवार येतो ना? शाळा त्याच दिवशी भरली.

थांबा जरा.

---

पेठकर
सोमवार, रात्री १०.४४

शाळेच्या वेळेला घरात कोण असायचं?

---

उद्यमनगरी
मंगळवार, सकाळी ७.३०

रात्री उशीर झाला होता म्हणून सकाळी विचारलं. आई चहा गाळत होती. तिच्यापुढं तो कागद धरला आणि टिंबावर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "अजून हाय व्हय हे?"

ती बोलली ते तसंच्या तसं लिहितो. कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुम्ही शाळेला गेलासा की भांडी आवरून बसत होतो मी. तासभर, जास्त न्हाई. त्यो सिंह बरा वाटायचा. ते बदकांचं नको वाटायचं. पयल्या दिवशी नऊ हजार झालं तर तुमचा कागद दिसला, म्हटलं आपण बी लिहावं. नाव घालायचं म्हटलं तर तुमच्या आप्पांनी लाईट बिलावरनं तुम्हाला बोललेलं. मग मी कसं सांगू, मी बी खेळतो म्हणून? म्हणून टिंब दिलं."

मी विचारलं, चॅनेल कोण जुळवून द्यायचं? तर म्हणाली, "त्याला काय लागतंय. रोज तुमचं बघत नव्हतो व्हय?"

आवाज शेजारी जाऊ नये म्हणून ती टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून खेळायची.

२७ तारखेनंतर टिंबाच्या रकान्यात जागा संपली आहे. पुढं किती झाले विचारलं, तर आई हसली आणि चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

---

आठवी_गल्ली
मंगळवार, सकाळी ७.५२

मावशींना माझा नमस्कार सांगा. मी आत्ता आईला फोन लावतेय.

---

इचलकरंजीकर
मंगळवार, सकाळी ९.१०

आवाजाशिवाय ५२,३००! आगीच्या कड्यांत उडीची वेळ आम्ही निम्मी आवाजावर साधायचो. डब्याचं काय झालं ते कळवा.

---

उद्यमनगरी
शनिवार, रात्री ८.४५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झालं म्हणून सगळं एकदम लिहितो.

अडॅप्टरच मेला होता. @सर्किटवाला म्हणाले तसं चिन्ह बघून नवा घेतला, दिवा लागला. कॅसेटी पुसल्या, अकरापैकी आठ चालल्या. टीव्ही लक्ष्मीपुरीत एका मेकॅनिककडं मिळाला, एकवीस इंची, मागं ही मोठी पाठ. रिक्षातून आणताना मांडीवर धरून बसलो. दादा इचलकरंजीहून आला, ताई व्हिडिओ कॉलवर होती. खुंटी फिरवायला दादाच बसला आणि मी मागून मुंग्या मुंग्या ओरडत होतो. पन्नाशीला टेकलेला माणूस घामाघूम झाला, पण शेवटी चित्र आलं.

बंदूकही चालली. माझ्या मुलीनं पहिलं बदक पाडलं आणि नळीत डोळा घालून बघितलं.

मग सर्कस लावली. आईला पुढं बसवलं, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर. रिमोट हातात दिला तर तिनं आधी तो पदरानं पुसला. सिंह चालायला लागला, संगीत वाजायला लागलं, पहिलं कडं आलं आणि ती धडकली. दुसऱ्यांदाही. मला वाटलं वय झालं, बोटं चालत नसतील. मी म्हटलं राहू दे आई.

ती म्हणाली, "आवाज बंद कर आधी. मला चुकायला हुतंय त्यानं."

दादानं आवाज बंद केला. पुढची तीन कडी, मडकं, दोन कडी, मडकं. आम्ही कुणी बोललो नाही. आठ हजार चारशे झाले. मुलीनं नवीन कागद घेतला, वर आजचा वार आणि तारीख लिहिली. रकान्याला काय नाव घालू म्हणून आजीला विचारलं. आईनं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि टिंब दिलं.